इंदूने सांगितलेले शेवट

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर ती नोटीस लागली की माझ्यापुरता मार्च सुरू होतो. कॅलेंडर काय म्हणतं ते मी बघत नाही. नोटीस दरवर्षी तीच असते, फक्त जुनी तारीख खोडून नवी घालतात. ‘परीक्षांचा काळ असल्याने गेटजवळच्या बाकावर बसणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी सिनेमाविषयी चर्चा हळू आवाजात करावी.’ आता बाकावर आम्ही चौघं. त्यातले दोघं मुळातच हळू बोलतात. तिसरी सभासदच नाही, ती मासेवाली आहे. म्हणजे हे ज्येष्ठ सभासद कोण, ते वेगळं सांगायला नको. सरळ ‘परब’ असं नाव लिहायचं होतं. मला राग आला नसता.

माझा आवाज मोठा आहे हे मला मान्य आहे. मरोळच्या एका कारखान्यात मी चाळीस वर्षं पॉवर प्रेस चालवला. पत्रा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, धाड्! परत पत्रा, परत धाड्! शेजारच्या माणसाला तंबाखू मागायची तरी बोंब मारावी लागायची. त्यात कान गेले आणि आवाज राहिला. मी कानात सांगितलेलं गुपित दुसऱ्या मजल्यावरच्या कदमांच्या सुनेला खिडकीत ऐकू जातं. मग ती डोकं बाहेर काढते. “काका, प्लीज! उद्या केमिस्ट्री आहे!”

मी सातवीपर्यंत शिकलो. बोर्डाची परीक्षा कधी दिली नाही, त्यामुळे मार्चची मला कधी भीती वाटली नाही. उलट मला आणि इंदूला, म्हणजे माझ्या बायकोला, मार्च म्हणजे चैन. त्याचं असं आहे, की परीक्षा आल्या की पोरंबाळं असलेली माणसं थेटराकडे फिरकत नाहीत. मोठे पिक्चर मे महिन्यासाठी राखून ठेवतात. मार्चमध्ये येतात ते बारके पिक्चर, ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नसतं. सकाळी दहाच्या खेळाला अख्ख्या थेटरात दहा-बारा डोकी. पाय पसरून बसा. इंदूला तेच आवडायचं. “कसा राजासारखा वाटता,” म्हणायची. “आपल्यासाठीच लावलानी.”

तेव्हाच्या सकाळी मला अजून आठवतात. जिन्यात पोरांच्या तळहातावर दही-साखर ठेवणाऱ्या आया. गच्चीवर पुस्तक तोंडासमोर धरून येरझाऱ्या घालत पुटपुटणारी पोरं, खालून बघितलं तर वाटावं, कुणाचं तरी श्राद्ध चाललंय. झेरॉक्सच्या दुकानासमोर ही रांग. कडक ऊन, आंब्याखाली गळून पडलेल्या बोराएवढ्या कैऱ्या. आणि त्या सगळ्यातून आम्ही दोघं, साठी उलटलेली, पावडर-बिवडर लावून पिक्चरला चाललोय. कदमांची सून आमच्याकडे अशी बघायची, जणू आम्ही तिच्या पोराचे मार्क चोरून नेतोय.

इंदूच्या पर्समध्ये भाजलेले शेंगदाणे असायचे. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी, म्हणून ते औषधाच्या डबीत. थेटरच्या दारात पोरगी पर्स उघडायची. इंदू चेहरा पाडून म्हणायची, “गोळ्या आहेत, बेटा.” पोरगी बिचारी “सॉरी आंटी” म्हणून सोडायची. शेवटच्या वर्षी त्याच डबीत खरोखरच्या गोळ्या होत्या. तेव्हा नेमकी ती पोरगी डबी हलवून बघायला लागली. इंदूला इतकं हसू आलं, की तिला भिंत धरून उभं राहावं लागलं.

आता बाकाबद्दल सांगतो, कारण बाक समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. पेडणेकर मास्तर शाळेतनं रिटायर झाले. ते पिक्चर बघत नाहीत. तीन पेपरांतली परीक्षणं वाचतात आणि मग पिक्चरला मार्क देतात. “मध्यंतरानंतर पकड सैल होते,” असं ते आम्हाला सांगतात, आणि हे पकड सैल झालेले गृहस्थ दहा वर्षं थेटरात गेलेले नाहीत. दुसरा सावंत. सावंत होता बस कंडक्टर. तो पिक्चर मोबाईलवर बघतो, तोही दुप्पट स्पीडने, आणि गाणी आली की अंगठ्याने पुढे ढकलतो. आयुष्यभर लोकांना पुढे ढकललं, आता पिक्चरला ढकलतो. तीन तासांचा पिक्चर सव्वा तासात संपवतो आणि म्हणतो, “काय दम नव्हता, पटकन संपला.”

तिसरी हिराबाई. वर्सोव्याहून रोज सकाळी पाटी घेऊन येते, आमच्या गेटाशी बसते. शुक्रवारी मासे लवकर विकून बारा वाजताचा खेळ गाठते. पाटी थेटरच्या वॉचमनकडे ठेवते आणि आत जाते, त्यामुळे तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होतात. पिक्चर नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणारी आमच्यात ती एकटीच. आणि मत एका वाक्यात. पिक्चर शिळा निघाला तर, “कल्ला लाल नव्हता, काका. बर्फातला माल.” झालं. मास्तरांचे तीन पेपर एका बाजूला.

आणि चौथा मी. मी थेटरात झोपायचो.

यात लपवायचं काय? चाळीस वर्षं धाड् धाड् ऐकलेल्या माणसाला गार अंधारात मऊ खुर्ची दिली तर तो काय करेल? नाव दिसायचं, हिरो यायचा, पहिलं गाणं, आणि मी गेलो. नोकरीत असताना दमून झोपायचो, रिटायर झाल्यावर सवयीने. इंटरव्हलला इंदू शेंगदाणे द्यायला उठवायची, ते खाऊन मी परत. खेळ संपला की ती माझा दंड हलवायची. बाहेर उन्हात येऊन डोळे चोळत मी विचारायचो, “शेवटाक काय झाला गो?”

“सांगतंय. आदी रस्तो बघा.”

मग घरापर्यंत ती पिक्चर सांगायची. कसं सांगायची! सिग्नलला थांबलो की हिरोईन पण थांबायची. मध्येच भाजीवाल्याकडे वांगी दाबून बघायची, हातातल्या वांग्यासकट सासूचा डायलॉग म्हणायची. भाजीवाला ऐकत राहायचा आणि एक वांगं जास्त टाकायचा. मी म्हणेन, थेटरातल्यापेक्षा ते बरं असणार. अर्थात थेटरातलं मी बघितलेलं नव्हतं.

मग दुसऱ्या दिवशी बाकावर मी भांडायचो. मत इंदूचं, आवाज माझा. इंदू बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर लसूण नाहीतर वाटाणे सोलत बसलेली असायची, गप्प. वाद असा चालायचा:

“काय परब, भुताचा पिक्चर कसा काय?” मास्तर हळूच विचारायचे.

“भूत कुठलं?” मी. “तो भाडेकरू आहे! बिल्डिंग पाडली, रिडेव्हलपमेंट झालं, ह्याला खोली मिळाली नाही, म्हणून वरच्या मजल्यावर साखळ्या वाजवतो. शेवटी बिल्डर सही करतो, चावी देतो, मग आवाज बंद.”

सावंत म्हणायचा, “काका, भूत आहे ते. मी बघितलं. विहिरीतनं येते बाई.”

“तू दुप्पट स्पीडने बघितलंस. एवढ्या स्पीडने तुझी बायको पण भूत दिसेल.”

“पेपरातसुद्धा भयपट लिहिलंय हो,” मास्तर.

“पेपरवाल्यांना भाडेकरूचं दुःख काय कळणार!” माझ्या या वाक्यावर वरून खिडकी उघडायची. “काका! हिस्टरी!”

हिराबाई इंदूकडे बघायची. इंदू वाटाण्याच्या शेंगेकडे बघायची. मला वाटायचं, दोघींना माझं पटलंय.

असाच तो पन्नाशीच्या हिरोचा पिक्चर. शेतात विशीच्या पोरीबरोबर नाचतो. इंदूने सांगितलं, नाचताना त्याची कंबर लचकली, सहा महिने पलंगावर पडला, आणि मालीश करायला येणाऱ्या पोराशी तिने लग्न केलं. सगळे म्हणाले, असं काही नाही, लग्न हिरोशीच होतं, स्वित्झर्लंडला जातात. मी म्हटलं, “तुम्ही सगळे झोपला असणार.” हे मी म्हटलं. मी.

इंदू गेली त्याला येत्या आषाढात दोन वर्षं होतील. काही सांगून गेली नाही असं नाही. “गॅसचा बटण बघा,” म्हणाली. शेवटचं वाक्य तेच. हिराबाईने विचारलं तेव्हा मला तेवढंच सांगता आलं, आणि ती पदर तोंडाला लावून आधी हसली, मग रडली. मी रोज गॅसचं बटण बघतो. सकाळी एकदा, बाहेर जाताना एकदा. बंदच असतं. चहापुरता तर पेटवतो.

ती जायच्या आधीचा मार्च आमचा शेवटचा. पोरगी नागपूरला, तिची पोरं परीक्षेला, म्हणजे तिला येता येईना. तिचं दुखणं कळल्यापासून मी घाबरलेला होतो. इंदू घाबरलेली नव्हती. डॉक्टरने सांगितलं, जमेल तेवढं हिंडू-फिरू द्या. इंदूने त्याचा अर्थ ‘पिक्चरला न्या’ असा लावला. दर आठवड्याला एक. मॉलमध्ये सरकता जिना आला की ती आधी माझा हात धरायची, कारण घाबरतो मी.

त्यातला एक वकिलीणबाईचा पिक्चर होता. गोळ्यांनी इंदूला ग्लानी यायची. इंटरव्हलच्या आधीच तिचं डोकं माझ्या डाव्या खांद्यावर आलं. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं, ती झोपली आणि मी जागा. खांदा बधिर झाला तरी मी हललो नाही. पडद्यावर काय चाललं होतं, देवाशपथ सांगता यायचं नाही. मी तिच्याकडे बघत होतो. पडदा निळा झाला की ती निळी, पिवळा झाला की पिवळी. तोंड जरासं उघडं. मनात आलं, ही बाई इतकी वर्षं माझ्याकडे असंच बघत बसली असेल का? छे. ती पिक्चर बघत असणार. शहाणी होती.

बाहेर आलो. म्हटलं, आज काही विचारायचं नाही. रिक्षात बसलो, तर ही माझ्याकडे बघतेय. बघतच राहिली. मग मी विचारलं, “शेवटाक काय झाला गो?”

आणि तिने सांगितलं! अख्खी केस सांगितली. साक्षीदार फिरला, वकिलीणबाईने त्याच्या धोब्याला कोर्टात उभं केलं, शर्टावरच्या डागावरून खून शाबीत झाला, जज्जला रडू आलं. जज्जचं आडनावसुद्धा सांगितलं. इंटरव्हलनंतरची एक फ्रेम बघितली नव्हती तिने. मी म्हटलं, “वा. धोबी म्हणजे कमालच झाली.” दुसऱ्या दिवशी बाकावर मी त्या धोब्यासाठी जिवाच्या आकांताने भांडलो. हळू आवाजात, कारण वर भूमिती चालली होती. खोटं आहे हे माहीत असून लढलेला तो माझा पहिला वाद. मला वाटलं, झोप लागली म्हणून बिचारी ओशाळली, म्हणून एकदाच खोटं बोलली. एकदाच.

गेल्या वर्षी नोटीस लागली तेव्हा मी बाकावर जातच नव्हतो. आवाज बंद झाला. मास्तर सांगत होते, सेक्रेटरीला वाटलं आपल्या नोटिशीचा गुण आला.

यंदा जायला लागलो, ते हिराबाईमुळे. ती दार वाजवून म्हणाली, “काका, खाली ये. त्या दोघांशी भांडून मजा नाय. एक वाचतो, एक पळवतो.” तर गेलो. आणि त्याच आठवड्यात दुपारी टीव्ही लावला तर तो भुताचा पिक्चर. आमचा भाडेकरू! मी नीट बसलो. शेवट सांगायला आता कुणी नाही, म्हणून मुद्दाम उभ्याने चहा प्यालो, तोंडावर पाणी मारलं, जागा राहिलो. बघतो तर काय, विहिरीतनं बाई आली. केस सोडलेले. सगळ्यांना मारलं. परत विहिरीत गेली. संपलं. भाडेकरू नाही, बिल्डर नाही, चावी नाही!

मी केबलवाल्याला फोन केला. “आमच्याकडे पिक्चर चुकीचा दाखवतायत.”

“काका, बॉक्स बंद करून चालू करा.”

केलं. तोवर बातम्या लागल्या होत्या.

संध्याकाळी बाकावर जाऊन मी डाफरलो, “टीव्हीवाले माजलेत. रिडेव्हलपमेंटचा सगळा भाग कापला! बिल्डरांनी पैसे चारले असणार.”

एरवी सावंत लगेच तोंड उघडतो. त्या दिवशी त्याने मोबाईल खिशात ठेवला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, जो आधीच स्वच्छ होता. उधारीची वसुली करायला हिराबाई आलेली होती. ती म्हणाली, “काका, बस जरा.”

“बसलोच आहे.”

“मंग ऐक. भाडेकरू नव्हताच. वयनी तुला येगलंच सांगायची. परत्येक येळी. आमाला सगल्यांना ठाव व्हतं.”

“प्रत्येक वेळी?”

“कंबर लचकलेला हिरो पण,” सावंत हळूच म्हणाला. “तो जातो स्वित्झर्लंडला.”

“आम्ही सांगत होतो की,” मास्तर म्हणाले. “तुम्ही आम्हाला झोपाळू म्हणालात.”

मी उठलो आणि घरी आलो. गॅसचं बटण बघितलं. मग इंदूच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि तिला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला दुसरं काही नको होतं. एवढंच कळायला हवं होतं, की ही बाई जन्मभर मला येडा समजत होती की काय? मी भर बाकावर तिच्या जिवावर भांडायचो. लोकांना खोटारडे म्हणालो. एकदा मास्तरांशी सहा दिवस बोललो नाही. आणि ही वाटाणे सोलत बसलेली! मनात म्हटलं असेल, बघा माझा नवरा, कसा नाचतोय. आता माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल आपल्याकडे काय राहतं? त्याने सांगितलेलं. माझ्याकडे तर तिने सांगितलेलं एवढंच आहे, आणि ते सगळं खोटं. मग पिक्चरपुरतंच खोटं, की बाकीचंही? ‘भाजी छान आणलात’ हे खरं होतं का? ‘मी बरी आहे’ हे तर नव्हतंच.

चार दिवस खाली गेलो नाही. पाचव्या दिवशी पापलेट घ्यायच्या निमित्ताने गेलो आणि हिराबाईला विचारलं, “तू तिला कधी विचारलं नाहीस, का असं करते?”

ती पापलेट साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “इचारलं ना. बोलली, जागं रावाचं मंग त्यांनी.”

“बस? एवढंच?”

“एवढंच. कापून देऊ, का अख्खा?”

मी तो पापलेट घेऊन जिना चढलो. पहिल्या मजल्यावर राग होता. दुसऱ्या मजल्यावर कदमांच्या घरातनं पाढे ऐकू येत होते. तिसऱ्या मजल्यावर मला हसू फुटलं, एकट्याला, हातात मासा. खरंच की! ह्या माणसाला शंभर पिक्चरला नेलं, शंभर वेळा घोरला. मी तिच्या जागी असतो तर मध्येच उठून रिक्षाने घरी आलो असतो. तिने थेटरात ठेवून जायला हवं होतं मला.

मग एकेक शेवट आठवून बघायला लागलो. मला आधी वाटलं होतं, नवरा हळवा आहे म्हणून वाईट शेवट गोड करून सांगत असेल. कसलं काय. मरणारा फौजी तिने घरी आणला, हे खरं. पण घरी आणून त्याला सासऱ्याच्या पिठाच्या गिरणीत बसवला. लॉटरी लागलेल्याचं तिकीट धुण्यात घातलं. सुखी झालेल्या दोन जोडप्यांची सोडचिठ्ठी केली, कारण ‘तेंचा टिकण्यातला नाय’. माझी दया वगैरे काही नव्हती. तिला पिक्चरवाल्यांचं पटायचं नाही, म्हणून ती दुरुस्त करायची. आणि दुरुस्त केलेला माल आधी मला द्यायची. आता मला सांगा, जो येडा वाटतो त्याच्यासाठी कुणी एवढी मेहनत घेतं का? सिग्नल बघत, वांगी दाबत? कदाचित घेतही असेल. मला अजून नक्की म्हणता येत नाही.

परवाच्या मंगळवारी मी एकटा पिक्चरला गेलो. दहाचा खेळ, अकरा माणसं. बाजूच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, म्हणजे कुणी बसणार नाही. अकरा माणसांत कोण बसायला येतंय, पण ठेवली. जागं राहायचं ठरवलं होतं. सोपं काम नाही ते. मांडीला चिमटे काढले. एकदा हुंदका दाबतोय असं वाटून मागच्या बाईने खांद्यावर हात ठेवला, मी जांभई दाबत होतो.

पिक्चर असा. कोकणातला एक माणूस बायकोला गावी ठेवून बोटीवर जातो. तिकडे दुसरा संसार करतो. पंचवीस वर्षांनी, म्हातारा होऊन, एक बॅग घेऊन परत येतो. दार वाजवतो. बायको दार उघडते, त्याच्याकडे बघते, हातातली बॅग घेते, आत जाऊन चहा टाकते. म्युझिक. संपलं.

मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. “एवढंच?” मी म्हटलं. मोठ्याने. झाडूवाला म्हणाला, “हो काका, एवढंच.”

घरी चालत येताना मी तो शेवट दुरुस्त करायला घेतला. म्हटलं, बघू जमतं का. पहिल्या सिग्नलला तो माणूस वाटेतच मेला, पण मग पिक्चर आधीच संपला. दुसऱ्या सिग्नलला बायकोनेच दुसरं लग्न केलं, पण त्या दुसऱ्या नवऱ्याचं काय करायचं ते सुचेना, तो उगाच पडवीत बसून राहिला. भाजीवाला म्हणाला, “काय काका, कुणाशी बोलताय?” वीस मिनिटांच्या रस्त्यात मला एक शेवट जमला नाही. ती हे दर खेपेला करायची आणि वर वांगी बघून घ्यायची.

बाकावर मी खरा शेवट सांगितला. जसा होता तसा. आयुष्यात पहिल्यांदा थेटरात स्वतः बघितलेला. तर काय व्हावं?

“शक्य नाही,” मास्तर म्हणाले. “पेपरात ‘खुला शेवट’ म्हटलंय. खुला म्हणजे काही कळत नाही असा.”

“दारच खुलं होतं, मास्तर. मी बघितलं.”

“चहा-बिहा काय नाय त्यात,” सावंत म्हणाला. “मी काल बघितला. तो दार वाजवतो आणि नावं सुरू.”

“चहा तू अंगठ्याने ढकललास!”

“काका, तुम्ही झोपला असणार,” सावंत म्हणाला, आणि मास्तरांनी मान डोलावली. मी जागा होतो हे सिद्ध करायला मी मांडीवरचे चिमट्यांचे वळ दाखवायला निघालो होतो. हिराबाईने थांबवलं. तिने अजून पिक्चर बघितलेला नव्हता, सुनेचं बाळंतपण होतं घरात.

“माणूस एवढं करून येतो, आन् ती चहा टाकते?” ती म्हणाली. “काका, खरं सांगू? वयनीचं खोटं तुज्या खऱ्यापरीस बरं व्हतं.”

मग मास्तर घसा साफ करून म्हणाले, “वहिनींनी कसा केला असता हो शेवट?”

“बाई सरपंच झालेली असती,” ते स्वतःच म्हणाले. “तो येतो आणि दाखल्यासाठी तिच्याच सहीची रांग.”

“नाही,” मी म्हटलं. “इंदूला सरपंच आवडायचे नाहीत.”

“म्हातारा चुकीच्या स्टॉपवर उतरला,” सावंत म्हणाला. “दुसऱ्याच गावात दार वाजवतो.”

“नाही. ती कुणाला फुकट सोडायची नाही.”

“सुका बोंबील घेऊन टाळक्यात मारते,” हिराबाई म्हणाली.

“आवडलं असतं तिला. पण नाही.”

“मंग तू सांग!” हिराबाईने पाटी बाजूला सारली. “नाय नाय काय लावलंस? सांग कसा.”

मी विचार केला नाही. तोंडातनं आलं. “ती वाजवलेलं ऐकते. दारापर्यंत येते. वाजवण्यावरूनच तिने ओळखलंय, चांगलं ओळखलंय. तरी आतनं विचारते, ‘कोण?’”

“मग?” सावंत.

“मग त्याला नाव सांगावं लागतं. आपल्याच घराच्या दारात उभं राहून, पंचवीस वर्षांनी. सांगतो तो. ती म्हणते, ‘कोण ते? नीट सांगा.’ परत सांगतो. गावचं सांगतो, बापाचं सांगतो. बोटीचं सांगतो. मग त्या दुसरीचं सांगतो. सगळं सांगून होईपर्यंत ती कडीला हात लावून उभी.”

मास्तर पुढे झुकले होते. मी किती हळू बोलत होतो कुणास ठाऊक, वरची खिडकी उघडली नाही.

“आन् दार?” हिराबाईने विचारलं. “उघडते का नाय?”

“उघडील,” मी म्हटलं. “पण घाई नाही. उभा राहू दे त्याला जरा.”